डायनामो अक्कानं भरला होता

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. १९८९ साली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहा वाजता, धुळ्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या फाटकात. मावशी त्या वेळी तिथे नव्हतीच. ती जळगावात, पिंप्राळ्याच्या घरी, सणाच्या सांजोऱ्या तळत होती. माणूस समोर नसताना त्याच्यावर आरोप ठेवायचा आणि तो येईपर्यंत निकाल देऊन मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची रीत आहे. आरोपी बाई असली की काम आणखी सोपं.

याला दोन वर्षं झाली. मी संघटनेची पत्रकं लिहिते, त्यामुळे मला मोठ्यानं बोलायची सवय आहे. पण हे पत्रक नाही. पत्रक मी तेव्हाच लिहिलं होतं आणि ते वाया गेलं. का गेलं ते पुढे सांगते.

मावशीला सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणते. तिचं माहेर असोद्याचं. तिथे आजोबांच्या विहिरीवरची मोटर दर उन्हाळ्यात जळायची. जळालेली तार काढून नवी गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. जळगावचा एक मिस्त्री येऊन भरायचा आणि अक्का शेजारी बसून त्याला वेढे मोजून द्यायची. एका वर्षी केळीला पाणी नाही, पानं वाळायला लागलेली, आणि मिस्त्री लग्नाला गेलेला. अक्कानं मोटर भरली. चालली. पुढच्या उन्हाळ्यात जळलीही नाही.

लग्न होऊन ती पिंप्राळ्यात आली आणि गल्लीतल्या नानांच्या दुकानात पगारावर कामाला लागली. नाना म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचे मिस्त्री, भला मोठा बोर्ड, त्यावर त्यांचं नाव. दुकानाच्या पुढच्या भागात नाना आणि गिऱ्हाईक. मागच्या भागात गोणपाटाचा पडदा आणि पडद्यामागे अक्काचं बाकडं. ट्रॅक्टरची बॅटरी भरत ठेवणारे डायनामो, इंजिन सुरू करणारे सेल्फ, विहिरीच्या मोटरी, सगळं त्या बाकड्यावर भरलं जायचं आणि पुढे येऊन नानांचं व्हायचं.

"नाना, हात हाये का काय! मागच्या सालची मोटर अजून बोलते."

"वरच्याची कृपा, भाऊ," नाना म्हणायचे, आणि हात जोडून छताकडे बघायचे. पडदा मागे होता. छताकडे बघण्याऐवजी मान वळवली असती तरी पुरलं असतं.

असं आठ वर्षं चाललं.

मग आबांची गाडी आली. आबा म्हणजे केळीचे मोठे बागायतदार. त्यांची मुलगी कॉलेजात माझ्या वर्गात होती. गाडी अमेरिकन, सन पन्नासच्या आसपासची, म्हशीसारखी रुंद आणि म्हशीसारखीच काळी. एका मारवाडी व्यापाऱ्याच्या जिनिंगच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं कापसाची धूळ खात उभी होती, आबांनी हौसेनं घेतली. पण ती सहा व्होल्टची होती. दिवे लावले तर लागलेत की नाही हे बघायला काडी ओढावी लागे. सेल्फ मारला की इंजिन एकदा कण्हायचं आणि गप्प व्हायचं. थोरल्या मुलाच्या वरातीत ती ऐन चौकात बंद पडली होती आणि व्याह्यांनी फेटे सावरत धक्का मारला होता. "आबा, हे वऱ्हाड आहे का ढकलगाडी?" असं तेव्हा कुणीतरी म्हटलं, ते आबांच्या काळजात रुतून बसलं होतं. आता धाकट्याचं लग्न होतं, मुलगी धुळ्याची, आखाजीचा मुहूर्त.

"नाना, हिला ट्रॅक्टरसारखी बारा व्होल्टची करा. धुळ्यात धक्का नको."

"होऊन जाईल," नाना म्हणाले. नाना सगळ्यालाच होऊन जाईल म्हणायचे. आबा गेल्यावर पडदा बाजूला झाला. "अक्का, होईल ना हो?"

अक्कानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोनेटमध्ये डोकं घातलं आणि म्हणाली, "सेल्फले हात लावू नका, तो बारावर जोरात फिरीन. दिवे बदला, कॉइल बदला. हॉर्नच्या अन काट्याच्या तारेत अडथळा घाला. डायनामो मी भरते."

झालं, एवढ्यात सगळं सांगून झालं. जुन्या डायनामोत जाड तार आणि थोडे वेढे होते. तिनं ती सोडवली, प्रत्येक वेढा मोजला, वहीत उतरवला. मग बारीक तार घेऊन दुप्पट वेढे दिले. गाडीतला पेट्रोलचा काटा जास्त दाबानं जळू नये म्हणून त्याच्या तारेत विजेच्या शेगडीच्या कॉइलचा तुकडा जोडला. बारा व्होल्टचा मोठा काटा कुठून आणणार होते नाना, अमेरिकेतून? वेढ्यांवर वॉर्निश दिलं की ते भट्टीत वाळवायचं असतं. नानांकडे भट्टी नव्हती. अक्कानं ते पत्र्यावर ठेवून जळगावच्या उन्हात सोडलं. एप्रिल होता. दोन दिवसांत वॉर्निश गुळाच्या पाकासारखं पिवळंधमक आणि कडक झालं.

गाडी पहिल्यांदा चालू केली तेव्हा मी तिथेच होते. सेल्फ मारला आणि इंजिन असं उठलं की दुकानासमोरचं कुत्रं पळालं. दिवे लख्ख. बॅटरीत करंट भरला जातोय हे दाखवणारा काटा उजवीकडे गेला आणि तिथेच राहिला. आबांनी त्याच जागी नानांना शाल दिली, नारळ दिला, खांद्यावर हात टाकला. "नाना, माझी लाज राखलीत." अक्का पडद्याची कड धरून उभी होती. बोटांना वॉर्निश.

मी नानांना सरळ विचारलं, "काका, हे काम केलं कोणी?"

नाना हसले. "दुकानानं केलं, पोरी."

पुढचं नीट वाचा, कारण सगळा गुन्हा यात आहे. बॅटरीला दोन टोकं असतात, प्लस आणि मायनस. आपल्या ट्रॅक्टरांना, जीपांना मायनसची तार गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडतात. त्या जुन्या गाडीची रचना उलटी होती, प्लस बॉडीला. अक्कानं ती तशीच ठेवली, कारण डायनामो त्याच दिशेनं तयार होता. उलटी बॅटरी लावली तर दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सेल्फही फिरतो, काही कळत नाही. पण इंजिनानं वेग घेतला आणि डायनामो जागा झाला की तो आणि बॅटरी एकमेकांशी भांडत नाहीत, एकमेकांच्या जोडीनं तारांवर तुटून पडतात.

म्हणून मायनसला जाणाऱ्या तारेवर अक्कानं काळी टेप गुंडाळली. वीतभर, घट्ट.

"नाना, ध्यानात ठेवा. या गाडीचा प्लस बॉडीले आहे. काळी टेप ज्या तारेले, ती मायनसले. बॅटरी काढली तर टेप पाहूनच लावा."

"हो हो."

"मी येऊ का धुळ्याले? मांगच्या सीटवर बसीन."

"गाडीत जागा कुठाय अक्का? अन वरातीत बाईमाणूस बोनेट उघडून उभं राहिलं तर लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणाले ते आता ऐका.

आखाजीला पहाटे अंधारात आम्ही निघालो. मी आबांच्या मुलीबरोबर मागच्या सीटवर. हो, मला जागा होती. मला डायनामो कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण मला जागा होती. एरंडोल, पारोळा, धुळे. गाडी कुठे खोकली नाही. दिव्यांच्या उजेडात रस्त्याकडेच्या बाभळीचं पान न् पान दिसत होतं. अक्काचं काम बरोबर होतं याचा पुरावा म्हणजे तो सगळा रस्ता. तो पुरावा नंतर कुणालाच आठवला नाही.

धुळ्यात कार्यालयाच्या अंगणात गाडी उभी केली आणि पोरांनी तिला टेपरेकॉर्डर, भोंगा आणि रंगीत बल्बच्या माळा जोडल्या. इंजिन बंद. दुपारभर गाणी. चार वाजता भोंगा रडायला लागला, बॅटरी उतरली होती. नानांनी ती काढली आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजात चार्जिंगला दिली. बोनेट उघडं, दोन्ही तारा मोकळ्या लोंबत.

तेवढ्यात नवरदेवाची आजी पूजेचं ताट घेऊन आली. स्टिअरिंगला हळदकुंकू, आरशाला पूजेचा लाल नाडा, हॉर्नला नाडा. आणि मी, विवेकाचा झेंडा खांद्यावर घेतलेली, पुढे सरसावले. "आजी, गाडीला काय कळतं? लोखंडाची पूजा करून अपघात टळतात का?"

"तू कॉलेजवाली ना? मंग गाडीले कळत नाई तं तुले तरी कळू दे. बाजूले हो."

"मी बाजूला होणार नाही. उत्तर द्या."

 आजी बोनेटकडे वळली आणि ओरडली, "अगं बया! नवरदेवाच्या गाडीले काळं? कोनं बांधलं हे?" आणि तिनं ती टेप नखानं उचकटली. टेप निघेना तेव्हा पूजेच्या ताटातल्या नारळ फोडायच्या कोयत्यानं सोलली. मग दोन्ही तारांना सारखे लाल नाडे बांधले आणि दोन्हींना कुंकू लावलं.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी पाहिलं. टेपची सोललेली काळी साल जमिनीवर पडली, माझ्या चपलेला चिकटली, ती मी झटकून टाकली. आणि मी नाड्यावर भाषण चालू ठेवलं. त्या अंगणात अंधश्रद्धेवर बोलणारी मी एकटी होते आणि अंधश्रद्धेनं समोरासमोर केलेलं नुकसान न दिसलेलीही मीच. हे मी लपवणार नाही.

साडेपाचला बॅटरी आली. वरातीची घाई, वाजंत्री सुरू, नाना फेटा बांधून, नवा सफारी घालून. त्यांनी तारांकडे पाहिलं. दोन्ही लाल. ट्रॅक्टरची सवय हाताला, बॉडीला मायनस. मी शेजारी होते म्हणून सांगते, तार बसेना. बॅटरीचं प्लसचं टोक जाड असतं, मायनसचं बारीक, आणि तारांचे पट्टे त्या मापाचेच असतात. लोखंड नानांना सांगत होतं की हे उलटं आहे. नानांनी एक पट्टा स्क्रू-ड्रायव्हर घालून फाकवला. दुसरा सैल होत होता, त्यात सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून कोंबली. "झालं! मारा सेल्फ!"

सेल्फ फिरला. दिवे लागले. हॉर्न वाजला. टाळ्या. नवरदेव मुंडावळ्या सावरत बसला. ड्रायव्हरनं फाटकापाशी ॲक्सिलरेटर दाबला आणि बोनेटच्या फटींतून पांढरा धूर आला, मग डॅशबोर्डखालून, मग रबर जळाल्याचा असा वास की वाजंत्रीवाल्यांनीही थांबून नाकाला रुमाल लावले. नवरदेव दार उघडून उडी मारून बाहेर. नानांनी तार ओढून काढली, तळहात भाजला त्यांचा, ते खरं आहे.

"बठ्ठं जळी गयं रे भो!" सगळं जळालं म्हणून गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"कोनी करेल व्हतं हाई काम?"

आबा गर्दीतून पुढे आले. नानांसमोर उभे राहिले. मागे व्याही उभे. आणि नाना, ज्यांनी आठ वर्षांत एकदाही, एकाही गिऱ्हाइकासमोर तिचं नाव घेतलं नव्हतं, ते नाना मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"डायनामो अक्कानं भरला होता."

"अक्का कोन?"

"आमच्या दुकानातली बाई."

"बाईनी भरेल व्हता? मंग काय व्हई!" आणि फाटकात हशा पिकला.

"नाना," आबा म्हणाले, "बाईच्या हातात दिलीत माझी गाडी?"

मी ओरडले, "खोटं आहे!" आबा शांतपणे वळले. "मग तू सांग, काय झालं?" मला सांगता आलं नाही. धक्का मारून गाडी चौकापर्यंत नेली. व्याह्यांनीच मारला, फेटे सावरत.

गाडीच्या आधी ते वाक्य जळगावला पोचलं. आठवड्यात गिऱ्हाईक विचारू लागलं, "नाना, आमची मोटर तुम्ही भरणार ना? का ती बाई?" पंधरवड्यात अक्काचं बाकडं हातगाडीवर तिच्या दारात आलं. "मी काय करू," नाना म्हणाले, "लोक विचारतात." पडदा मात्र त्यांनी तसाच ठेवला. आता पडद्यामागे कोण बसतं ते मला माहीत नाही.

मी पत्रक लिहिलं. एका रात्रीत, दोन्ही बाजूंनी छापून. त्यात श्रमिक स्त्री होती, शोषण होतं, व्यवस्था होती, उद्गारचिन्हं होती. पहिली प्रत अक्काला दिली. तिनं पापड लाटताना थांबून, हात पुसून, पूर्ण वाचलं. मग म्हणाली, "पोरी, यात डायनामो कुठी आहे?"

नव्हता.

"मले न्याय नको वाचायले. मले तो डायनामो आणून दे. अन बॅटरीच्या तारा. जशा आहे तशा, पुसू नको."

आबांच्या मुलीनं भंगाराच्या ढिगातून काढून दिलं. अक्कानं अंगणात पोत्यावर बसून डायनामो उघडला. फिरणाऱ्या भागावरच्या तारांचं टाकण, म्हणजे जोड धरणारं कथील, वितळून कडेला उडालं होतं. पण बाहेरच्या कवचातले तिचे वेढे जसेच्या तसे होते, पिवळेधमक. करंटची वाट उघडझाप करणारी डबी तिनं उघडली, तिचे पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते. मग तिनं तारांचे पट्टे हातात घेतले. एक फाकवलेला. दुसऱ्यात चांदीची घडी.

"उलटी लावली," ती म्हणाली. "पन टेप कुठी गेली?"

तेव्हा मला चपलेला चिकटलेली ती काळी साल आठवली. मी सगळं सांगितलं.

"तू पाह्यलं?"

"हो. मला वाटलं, कशाला तरी बांधली असेल."

अक्कानं चांदीची घडी उलगडली. "आजीले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुले माहीत नव्हतं. नानाले माहीत होतं." आणि उठून भात बघायला गेली. मला तिनं एवढ्यावर सोडलं. मी स्वतःला सोडलेलं नाही.

फिरणारा भाग तिनं नव्यानं भरला. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून डायनामोला जोडली. धड डायनामो बॅटरीवर मोटरीसारखा फिरतो, तीच त्याची परीक्षा. मी नानांना बोलावून आणलं. अंगणात गल्लीतल्या बायका, दोन म्हातारे, नाना. अक्कानं तार टेकवली आणि तो गुणगुणत फिरायला लागला. मग तिनं नानांच्या हातात तो पट्टा दिला, चांदीसकट. नानांनी ती ओळखली. त्यांचाच ब्रँड होता.

"झालं ते झालं अक्का. आता उकरून काय फायदा?"

"नाना, तुम्ही चारचौघांत बोलले. चारचौघांत मांगं घ्या. तेवढंच."

"माझं दुकान आहे, अक्का," नाना म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले. आबांकडे मी गेले तर म्हणाले, गाडी विकली, विषय संपला, चहा घेणार का. नाही घेतला.

नानांना मी दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट माणूस परवडला, त्याच्याशी लढता येतं. नाना चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी फक्त चाललेल्या कामाला दुकान म्हटलं आणि जळलेल्या कामाला बाई. आणि तुम्ही, जे दुकानावर शाली टाकता आणि बाईवर हसता, तुम्ही त्यांना तसं म्हणू दिलंत.

आज अक्काच्या दारातल्या बाकड्यावर गल्लीतल्या बायकांचे मिक्सर येतात, कधी एखादा पंखा. मोटर दोन वर्षांत एकही नाही. तारेचं बंडल कागदात गुंडाळून माळ्यावर आहे. वेढे मोजलेली वही तिच्या उशाशी असते.

म्हणून आता तुम्हाला सांगते. विनंती करत नाही.

त्या दिवशी त्या फाटकात जे होते, त्यांनी पिंप्राळ्याला या. नाडा पाहिला असेल तर नाडा सांगा, चांदी पाहिली असेल तर चांदी सांगा. अक्काच्या दारात, तिच्या तोंडावर सांगा. आणि जे नव्हते, त्यांची मोटर या उन्हाळ्यात जळणारच आहे, वीज आपल्याकडे कशी येते हे मला सांगू नका. ती मोटर गाडीवर घाला, भर दुपारी, सगळ्यांना दिसेल अशी नानांच्या बोर्डासमोरून न्या आणि अक्काच्या बाकड्यावर उतरवा. भरून झाली की विहिरीवर लावा, पाणी पडू द्या. मग कुणी विचारलं, भाऊ, भरली कोणी, तर चालू मोटरीवर हात ठेवा आणि मोठ्यानं सांगा: अक्कानं भरली.